वाढलेला खर्च कोणाच्या खात्यावर?

12 ऑक्टोबर 2020. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या शहराला किती अपुऱ्या पडतात, ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. नव्या वाहिन्या हव्यातच. प्रश्न त्यांच्या किमतीचा आहे.

ही 400 केव्हीची खारघर–विक्रोळी वाहिनी. निविदेतून दिलेली, ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालेली. निविदेत कंपनीनं दरवर्षी किती शुल्क घ्यायचं ते आधीच ठरलेलं असतं. पुढे खर्च वाढला, तर कायद्यातला बदल किंवा आपत्तीसारखी कारणं सोडून तो कंपनीनं सोसायचा.

आणि ही कुडूस–आरे वाहिनी. हे काम निविदेविना दिलं गेलं. त्याला आव्हान दिलं गेलं, पण 23 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं विजेचे दर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगाचा निर्णय कायम ठेवला. या पद्धतीत आयोगानं मान्य केलेल्या खर्चावर दर ठरतो. साधारण 70 टक्के कर्ज, 30 टक्के कंपनीचं स्वतःचं भांडवल धरतात. कर्जावरचं व्याज, भांडवलावरचा परतावा आणि घसारा (यंत्रणेची दरवर्षी घटणारी किंमत) ग्राहकांकडून वर्षानुवर्षे वसूल होतो. म्हणजे काम रखडून व्याज फुगलं आणि आयोगानं ते प्रकल्पखर्चात मान्य केलं, तर त्या वाढीव रकमेवरही कंपनीला परतावा मिळतो. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

शिवाय राज्यातल्या पारेषणाचा, म्हणजे अशा मोठ्या वाहिन्यांतून वीज वाहून नेण्याचा, खर्च एकत्र करून सगळ्या वितरण कंपन्यांत वाटला जातो. मुंबईतल्या वाहिनीचा वाटा गोंदियातलं घरही उचलतं. घरगुती बिलात त्याची वेगळी ओळ नसते; दिसतो तो ‘वहन आकार’ वितरणाच्या तारांचा.

ग्राहकाच्या बाजूनं एक भक्कम आधार आहे. महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीच्या दाव्यात 27 एप्रिल 2011 रोजी विद्युत अपीलीय न्यायाधिकरणानं (आयोगाच्या निर्णयांवरची अपिलं ऐकणाऱ्या) सूत्र घालून दिलं: उशीर कंपनीच्या चुकीनं झाला, तर भुर्दंड कंपनीचा. कारण तिच्या हाताबाहेरचं असेल, तर खर्च दरात धरायचा. दोन्हींत न बसणारा खर्च निम्मा-निम्मा.

पण उशीर नेमका कोणत्या खान्यात बसतो, हे कागद तपासल्याशिवाय कळत नाही. ‘प्रयास’ आणि मुंबई ग्राहक पंचायत यांच्यासारख्या संस्था आयोगापुढे हे काम वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. त्यांच्यावरच सगळा भार टाकणं बरोबर नाही. दरवाढीच्या प्रस्तावावर सूचना-हरकती मागवल्या जातात, तेव्हा कोणीही लेखी विचारू शकतं: काम किती महिने लांबलं? कोणामुळे? कंत्राटदाराकडून दंड किती वसूल केला, आणि तो प्रकल्पखर्चातून वजा केला का?