मागच्या एक्सलची ताकद: डाना 35 ते फोर्ड 8.8

[दृश्य: अमेरिकेतलं युटा राज्य, मोआब. लाल वालुकाश्माच्या चढावर एक जीप रँग्लर इंचाइंचाने वर सरकते आहे.]

मोआबचा हा खडक लांबून गुळगुळीत दिसतो. हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. कोरड्या दिवशी टायर त्याला घट्ट धरून बसतो. चिखलात चाक घसरतं आणि जादा जोर तिथेच वाया जातो, त्यामुळे एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना फिरवणारा आडवा आस, बहुधा वाचतो. इथे मात्र चाक घसरत नाही, आणि इंजिनाचा सगळा जोर एक्सलला पेलावा लागतो.

किती जोर? ही गाडी रँग्लर टीजे, 1997 ते 2006 या काळात बनलेली पिढी. चार लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, साधारण 300 न्यूटन-मीटर. पाच गिअरच्या एका नेहमीच्या जोडणीत पहिला गिअर 3.83, पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा लो, म्हणजे हळू गिअर, 2.72 आणि मागच्या एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, म्हणजे क्राऊन-पिनियन, 3.07. तिन्हींचा गुणाकार 32च्या घरात जातो. घर्षणात जाणारी घट बाजूला ठेवली तर 9,600 न्यूटन-मीटर.

[दृश्य: उघडलेलं डिफरन्शियल. क्राऊन व्हील हाताने फिरवलं जातंय.]

एक्सलच्या मधोमध असलेलं साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टना सारखाच टॉर्क देतं. एक चाक हवेत गेलं की ते नुसतं फिरत राहतं, आणि जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. गाडी अडकते, पण शाफ्ट शाबूत राहतो. मग मालक लॉकर बसवतो. आता दोन्ही शाफ्ट एकत्र बांधले जातात. एक चाक अधांतरी असलं तर मागच्या वाट्याचा सगळा टॉर्क उरलेल्या एकाच शाफ्टवर येतो. त्यात 28 इंचांच्या जागी 33 किंवा 35 इंचांचे टायर आलेले असतात. त्रिज्या वाढली की जमिनीची पकड शाफ्टला त्याच प्रमाणात जास्त पीळ देते. लॉकर आणि मोठे टायर घेताना एक्सलचा हिशेब आधी करायला हवा. बहुतेक जण तो नंतर करतात.

बऱ्याच टीजेंच्या मागे कारखान्यातूनच डाना 35 या मॉडेलचा एक्सल येतो. क्राऊन व्हील साडेसात इंचांहून जेमतेम मोठं, शाफ्टच्या टोकाला 27 स्प्लाइन, म्हणजे पकडीसाठी कोरलेले उभे दाते. रोजच्या रस्त्यावर त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पण पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. शाफ्ट दहा टक्के जाड केला की ती 33 टक्के वाढते, आणि बारीक शाफ्ट तितक्याच झपाट्याने कमी पडतो. आणखी एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. इथे शाफ्टला आत धरून ठेवते ती डिफरन्शियलमधली छोटीशी सी-क्लिप. शाफ्ट मधेच तुटला तर बाहेरचा तुकडा चाकासकट सरकून बाहेर येऊ शकतो. उतारावर हे जिवावरचं दुखणं ठरतं.

[दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी दोन शाफ्ट.]

पहिला उपाय म्हणजे 30 स्प्लाइनचे, क्रोममॉली या मजबूत मिश्र पोलादाचे शाफ्ट आणि त्यांना जुळणारा लॉकर. 33 इंचांपर्यंतच्या टायरला, जपून चालवणाऱ्याला हे पुरतं. पण क्राऊन व्हील तेच राहतं, हाउसिंगच्या, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या, नळ्याही त्याच राहतात. 35 इंचांचे टायर घालायचे असतील तर या किटवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी वाट भंगारच्या यार्डात जाते. 1995 ते 2001च्या फोर्ड एक्सप्लोररखाली 8.8 इंची एक्सल असतो. क्राऊन व्हील 8.8 इंचांचं, शाफ्टला 31 स्प्लाइन, नळ्या सव्वातीन इंच व्यासाच्या, वर डिस्क ब्रेक. चाकाचे पाच बोल्ट साडेचार इंचांच्या वर्तुळात, अगदी जीपसारखेच. रुंदीही जवळपास जुळते. सी-क्लिप याच्यातही आहे, पण शाफ्ट तुटलाच तर ब्रेकचा कॅलिपर डिस्कला काही अंशी अडवून धरतो.

[दृश्य: ग्राइंडरच्या ठिणग्या.]

बसवणं मात्र नट-बोल्टचं काम नाही. एक्सप्लोररला मागे पाटे असतात, टीजेला कॉइल स्प्रिंग. पाट्यांच्या बैठका कापायच्या, नळ्या घासून स्वच्छ करायच्या, आणि स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर आणि एक्सलला जागेवर धरणारे दांडे (कंट्रोल आर्म, ट्रॅक बार) यांचे नवे ब्रॅकेट वेल्ड करायचे. पिनियनचा कोन वेल्डिंगआधीच ठरवावा लागतो. तो चुकला तर ट्रान्सफर केसकडून एक्सलला जोर आणणारा प्रॉपेलर शाफ्ट थरथरतो आणि सगळं परत कापावं लागतं.

मधल्या ओतीव भागात नळ्या नुसत्या दाबून बसवलेल्या आणि थोड्या टाक्यांनी पकडलेल्या असतात. मोठा पीळ आला की नळीच आत फिरू शकते. म्हणून तिथे पूर्ण गोल वेल्ड करतात. ओतीव लोखंड आणि पोलाद यांचा सांधा सहजासहजी जमत नाही. आधी भाग तापवायचा, निकेलचा रॉड वापरायचा, छोटे छोटे टप्पे आलटून पालटून दोन्ही बाजूंनी घ्यायचे आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. घाई केली तर हाउसिंग वाकतं किंवा वेल्डच्या कडेने तडा जातो. चांगला वेल्डर इथे ओळखू येतो, आणि त्याची मजुरी वाचवू नये.

क्राऊन-पिनियनचं प्रमाण पुढच्या एक्सलशी जुळलंच पाहिजे. पुढे 3.07 आणि मागे 3.73 ठेवून फोर-व्हील लावलं तर दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस त्यात भरडून निघते. म्हणजे पुढचं क्राऊन-पिनियनही बदलायचं. हा खर्च सुरुवातीच्या अंदाजात धरलेला असावा.

[दृश्य: दातांवर पिवळी पेस्ट, तिच्यात उमटलेला ठसा.]

नवे दात बसवले की त्यांच्यातली मोकळीक इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. पेस्ट लावून ठसा बघतात. तो दाताच्या मधोमध यायला हवा. त्यानंतरचे पहिले काही फेरे सावकाश, मधे एक्सल पूर्ण थंड होऊ देत. सात-आठशे किलोमीटरनंतर तेल बदलायचं. त्यात बारीक राखाडी चूर दिसेल, तो चालतो. चकाकणारे तुकडे दिसले तर झाकण परत उघडायचं.

एवढं केल्यावर जोर पुढची कमजोर जागा शोधतो. नीट जुळवलेल्या गाडीत ती जागा प्रॉपेलर शाफ्टचा यू-जॉइंट, म्हणजे टोकाचा वळणारा सांधा, असावी. तो स्वस्त असतो, डब्यात जास्तीचा ठेवता येतो, आणि वाटेत थांबून बदलताही येतो. आतला शाफ्ट तुटला तर त्यासाठी ड्रम किंवा डिस्क, कव्हर, तेल, क्लिप असं सगळं उघडावं लागतं, तेही बऱ्याचदा कलत्या खडकावर.