सहा सेंटिमीटरचा हिशेब

(एका फिजिओथेरपिस्टने व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

आजचा विषय आहे उंची वाढवण्यासाठी पायाची हाडं लांब करण्याची शस्त्रक्रिया. सुरुवात कुरगानपासून करते. सायबेरियातलं हे गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे हाडं नीट न जुळलेले, पाय आखूड झालेले रुग्ण भरपूर होते. गावरील इलिझारोव्ह नावाच्या तरुण डॉक्टरने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यासाठी एक चौकट बनवली. पायाभोवती धातूच्या रिंगा, हाडातून आरपार गेलेल्या बारीक तारा आणि हे सगळं जोडणारे नट-बोल्ट. हेतू होता हाडाचे तुकडे एकमेकांवर दाबून धरण्याचा. असं सांगतात की एका रुग्णाने नट उलटा फिरवला, तुकडे जवळ येण्याऐवजी लांब गेले आणि मधल्या फटीत नवं हाड धरलेलं दिसलं. किस्सा थोडा रंगवलेला असेलही. पण हाड कापून सावकाश ताणलं तर मधली जागा शरीर स्वतः भरून काढतं, हे तत्त्व पक्कं आहे.

व्हॅलेरी ब्रुमेल हे नाव जुन्या क्रीडारसिकांना आठवत असेल. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्ण जिंकणारा. पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याचा पाय चिरडला. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, पाय काही सुधारेना. शेवटी तो इलिझारोव्हकडे गेला आणि नंतर पुन्हा उडी मारू लागला. अशा माणसाला तुम्ही धोका सांगायला गेलात तर तो म्हणेल, माझा पाय तसाही गेलेलाच होता.

आज मला बोलायचंय ते दुसऱ्या माणसाबद्दल. त्याचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत. तो पळतो, जिने चढतो, मांडी घालून जेवायला बसतो. त्याला फक्त सहा सेंटिमीटर उंची हवी आहे. शस्त्रक्रिया तीच, पण पणाला लागतोय तो चांगला पाय. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, बाकी तपशील.

आता तपशील. हाड कापल्यावर साधारण आठवडाभर थांबतात. मग रोज एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव करून. म्हणजे सहा सेंटिमीटरला साठ दिवस. ऐकायला दोनच महिने वाटतात, पण हे झालं फक्त ताणणं. नवं हाड सुरुवातीला लुसलुशीत असतं, ते भार पेलण्याइतकं टणक व्हायला याच्या दुपटीहून जास्त काळ जातो. बाहेरून रिंगा असतील तर एका सेंटिमीटरमागे महिना-दीड महिना धरून चाला.

हाड तसं आज्ञाधारक आहे. ताणा म्हटलं की वाढतं. स्नायू आणि नसा तसं ऐकत नाहीत, आणि माझं काम तिथेच सुरू होतं. नडगीचं हाड लांब होतं, पोटरी मागे राहते, त्यामुळे टाच वर उचलली जाते. माझ्याकडे येणारा मुलगा दोन दांड्यांना धरून उभा राहतो आणि मी त्याच्या टाचेखालून कागद सरकवून बघते. गेल्या आठवड्यात कागद अडकत होता, आज सुळकन पलीकडे जातो. मग घोट्याचा कोन मोजायचा, पोटरी ताणायची, रात्री स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरून ठेवणारी पट्टी, बांधून झोपायचं. पोटरी ताणताना हा पंचविशीचा, चांगली नोकरी असलेला मुलगा टॉवेल दाताखाली धरतो. असं दिवसातून तीन-चार वेळा. त्यात हयगय झाली तर पाऊल चवड्यावरच अडकतं आणि टाचेमागचा आखडलेला स्नायूबंध सोडवायला पुन्हा ऑपरेशन लागतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस ताणाखाली दुखावली, तर पाऊल लोंबकळतं, चालताना चप्पल घासते. वेळीच वेग कमी केला तर बहुतेकदा ते सुधारतं. बहुतेकदा.

मांडीच्या हाडात रॉड घालून लांबी वाढवायची पद्धत आता जास्त चालते. 2011 पासून चुंबकावर चालणारे रॉड मिळतात. मांडीवर बाहेरून यंत्र धरलं की आतला रॉड किंचित लांबतो. बाहेर तारा नाहीत, तारांच्या भोकांतून वाहणारा पू नाही. ही खरीच मोठी सुधारणा आहे. पण यातला एक रॉड, ज्यावर लवकर भार देता येतो म्हणून त्याचं फार कौतुक झालं होतं, तो 2021 मध्ये कंपनीला परत घ्यावा लागला. रॉडला गंज आणि आजूबाजूच्या हाडात बदल दिसले होते. दोन्ही मांड्या एकाच वेळी केल्या तर हाडातली चरबी रक्तात जाऊन फुफ्फुसात अडकण्याचा धोकाही असतो. तो क्वचितच उद्भवतो, पण जिवावरचा आहे. यूट्यूबवरच्या ‘आधी-नंतर’ व्हिडिओत तो दिसत नाही.

फायद्याचं काय? फायदा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. अनुभवी हातांत पाच ते आठ सेंटिमीटर मिळतात आणि शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांपैकी बरेच जण आपण समाधानी असल्याचं सांगतात. लहानपणापासून वर्गात पहिल्या बाकावर, फोटोत कडेला आणि लग्नाच्या बायोडेट्यात उंचीच्या रकान्यापाशी अडलेल्या माणसाला ‘मनाने उंच हो’ असं सांगणं मला तरी उद्धटपणाचं वाटतं. आपल्याकडे स्थळ बघताना मुलाचा पगार आणि मुलाची उंची एकाच दमात विचारतात, त्याचं खापर त्या मुलावर का फोडायचं?

पण समाधानी माणसांचा पाठपुरावा बहुधा काही वर्षांचाच असतो. मांडी लांब झाली की गुडघ्यावर येणारा भार थोडा सरकतो. त्याचा हिशेब गुडघा पन्नाशीत मागेल का, हे पंचविशीतल्या समाधानावरून कळत नाही. आणि सेंटिमीटर मिळाले म्हणून ज्यासाठी ते हवे होते ते मिळेलच असं नाही. काहींच्या मनात आपल्या शरीराबद्दलचं न्यून इतकं घट्ट बसलेलं असतं की सहा सेंटिमीटर मिळाल्यावर त्यांना अजून चार हवे होतात. म्हणून चांगले सर्जन आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

पोलीस भरतीवाल्यांसाठी वेगळं सांगते, कारण तालुक्याच्या गावी भाषण असलं की हा प्रश्न हमखास येतो. महाराष्ट्रात पुरुष शिपायाला 165 सेंटिमीटर लागतात. तुम्ही 162 आहात. पाय लांब करून 165 झालात असं धरू. पुढे 1600 मीटर धावायचंय, गोळा फेकायचाय, आणि नंतर हाडात रॉड घेऊन वैद्यकीय तपासणीला उभं राहायचंय. जी धाव तुमची आज जमेची बाजू आहे, तीच पहिली गमवाल. या कारणासाठी ही शस्त्रक्रिया करू नका. इथे मी दोन्ही बाजू मांडत बसणार नाही.

2016 साली हैदराबादमध्ये एका तरुणाने घरी न सांगता ही शस्त्रक्रिया करून घेतली. आईवडिलांना कळलं तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. तो सज्ञान होता, कायद्याने त्याची संमती पुरेशी होती. माझी हरकत व्यवहाराची आहे. पुढचे काही महिने संडासला नेणार कोण? चीनने 2006 मध्ये निव्वळ उंचीसाठी अशी शस्त्रक्रिया करायला बंदी घातली. बंदीची मागणी मी करणार नाही. गरजू माणूस मग स्वस्त आणि चोरट्या ठिकाणी जातो.

ठरवूनच आलेल्याला मी इतकंच म्हणते, तंबाखू, सिगारेट आधी बंद. निकोटिन रक्तात असेल तर हाड भरायला वेळ लागतो. सर्जनला विचारा की ही शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता की कधीमधी, आणि हाड भरलं नाही तर पुढचं ऑपरेशन कोणाच्या खर्चाने. विम्याच्या भरवशावर राहू नका, सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पॉलिसीत बसत नाही. राहण्याची सोय फिजिओथेरपीच्या जवळ करा. स्वस्त पडतं म्हणून परगावी ऑपरेशन आणि मग घरी येऊन व्यायाम, असं करणाऱ्यांचेच घोटे सर्वांत जास्त आखडलेले मी पाहते.

मागून कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे. ‘रॉड आयुष्यभर आत राहतो का?’ नाही. हाड पूर्ण भरल्यावर, साधारण वर्ष-दोन वर्षांनी, तो काढतात. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा दोन्ही पायांवर टाके आणि पुढचे काही आठवडे पळापळ बंद. सांगितलेल्या पॅकेजमध्ये हे ऑपरेशन धरलंय का, ते पैसे भरण्याआधी लेखी घ्या.