आधी पान, मग पाना

(ओलं गवत. तंबू. सकाळचं धुकं.)

सप्टेंबर महिना. इंग्लंडमधलं हॅम्पशर, न्यू फॉरेस्टमधलं ब्यूली गाव. राष्ट्रीय मोटार संग्रहालयाच्या आवारात १९६७ पासून भरत आलेला हा जुन्या मोटार-सामानाचा बाजार. हेडलाइट, स्टिअरिंग, गंजलेले रेडिएटर, कुणाच्या तरी गाडीचं एकटंच दार. पुण्याचा जुना बाजार पाहिलेल्यांना इथं परकं वाटणार नाही. चिखल जास्त, घासाघीस हळू आवाजात, इतकाच फरक.

लोखंडापाशी आपण थांबणार नाही. ते टेबलाखालचं केळ्यांचं खोकं बघा. कागद तिथं असतो. गाड्यांच्या सुट्या भागांची जुनी पुस्तकं.

खोक्यात कोपरापर्यंत हात घातलेले हे काका मूळचे साताऱ्याचे, आता राहतात कॉव्हेंट्रीजवळ. नाव घ्यायचं नाही, एवढीच त्यांची अट. ते शोधताहेत जे-३०. म्हणजे जॅग्वार ई-टाइप या स्पोर्ट्स कारचा, ३.८ लिटर इंजिनवाल्या गाडीचा, कारखान्याचा मूळ स्पेअर पार्ट कॅटलॉग. पुढच्या ४.२ लिटरचा जे-३७ वेगळा. मुखपृष्ठ बघून घाईनं उचलला की फसगत इथंच होते.

(टेबल. दिव्याखाली पुस्तक उघडतं.)

हे पुस्तक गाडीच्या मालकासाठी छापलेलंच नव्हतं. ते असायचं डीलरच्या काउंटरमागे, पार्ट काढून देणाऱ्या माणसाच्या हाताशी. म्हणून तर पानांच्या कडांना अंगठ्याचे काळे ठसे आहेत. चित्रात अख्खा गिअरबॉक्स सुटा होऊन हवेत तरंगतोय. प्रत्येक वॉशर आपापल्या जागी, प्रत्येकाला आकडा. कुठला वॉशर आधी, कुठला नंतर, हे चित्रच सांगतं. तक्त्यात पार्ट नंबर. सी अक्षरानं सुरू होणारे यांत्रिक भागांचे, बीडीवाले बॉडीचे. मग एका गाडीला किती लागतात ते. आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, कुठल्या गाडीपासून भाग बदलला ते सांगणारा. काका आधी तोच वाचतात.

(बॉनेट. जवळून कुलूप.)

ई-टाइप जगापुढे आली मार्च १९६१ मध्ये, जिनिव्हाला. पहिल्या गाड्यांच्या बॉनेटची कुलपं बाहेरच्या अंगाला होती, टी-आकाराच्या चावीनं उघडायची. मग ती आत गेली. कधी? तारीख विचारून उपयोग नाही, चासी नंबर विचारायचा, म्हणजे कारखान्यानं प्रत्येक गाडीला दिलेला क्रमांक. उजव्या स्टिअरिंगच्या उघड्या गाड्या ८५०००१ पासून, बदल ८५००९२ ला. बंद टपाच्या ८६०००१ पासून, बदल ८६०००५ ला. डाव्या स्टिअरिंगच्या उघड्या ८७५००१ पासून, बदल ८७५३८६ ला. बंद ८८५००१ पासून, बदल ८८५०२१ ला. आता वजाबाकी करा. ९१, ४, ३८५, २०. बेरीज बरोबर ५००. एकूण ७२ हजारांवर बनलेल्या गाड्यांत बाहेरच्या कुलपांच्या फक्त पाचशे.

(पानं उलटण्याचा आवाज.)

विकत घेताना काका काय बघतात ते बघा. पहिल्या पानावर छपाईची तारीख. मागची नंबरवार सूची आहे ना, कारण फाटतं ते शेवटचं पान. चित्रं ओळीनं मोजायची. मधे चिकटवलेल्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या असतील तर उत्तमच. पेनानं खोडून नवा पार्ट नंबर लिहिलेला दिसला की बाकीचे लोक भाव पाडतात, काका खूश होतात. त्या काउंटरवरच्या माणसानं पुस्तक वापरलं होतं, याची ती सही.

आवृत्ती नवी तर बदल जास्त नोंदलेले. जुनी असेल तर मूळ नंबर शाबूत, नंतरच्या नंबरांनी न झाकलेले. काका दोन्ही घेतात. घरी कपाटाला जागा उरली नाही, पण तो भाग आम्ही चित्रित केलेला नाही.

नव्यानं छापलेल्या प्रती स्वस्त मिळतात. कामही भागतं म्हणे. फक्त ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. डावीकडे मूळ छपाई, स्प्रिंगचा एकेक वेढा मोजता येतो. उजवीकडे नवी प्रत. स्प्रिंग कुठाय?

सुटी पानं फ्रेम करून विकणारेही आहेत, त्यापायी अख्खी पुस्तकं संपताहेत. असो.

(गॅरेज. पांढरी ई-टाइप.)

ही गाडी काकांची नाही, दुरुस्तीला आलीय. चासी नंबर बदलाच्या अलीकडचा, बॉनेट मात्र पलीकडचं. कधीतरी धडक झाली असणार आणि कुणीतरी मिळेल ते बसवलं. बाहेरच्या कुलपांचं बॉनेट नवं करून घ्यावं लागलं. खर्च मालकानं सोसला.

काका पुस्तक फेंडरवर ठेवत नाहीत. त्यासाठी वेगळं स्टूल आहे, वर स्वच्छ पंचा. पान लावलं, शेऱ्यावर बोट ठेवलं, नंबर पुन्हा एकदा वाचला.

टी-चावी. एक कुलूप. गाडीला वळसा. दुसरं.

(बॉनेट उघडतं. निवेदन नाही.)