कोपऱ्यातला इलेक्ट्रॉन

नमस्कार श्रोतेहो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या. गाडी चालवत असाल तर मनातल्या मनातच काढा. सहा ओळी, प्रत्येक ओळीत सहा ठिपके. झाले ३६.

कडेचे ठिपके तूर्त बाजूला ठेवा. आत १६ उरतात. त्यांचे चार-चारांचे चौकोन जोडा, चार चौकोन होतील. आता कडेला या. कोपरे सोडले तर प्रत्येक कडेवर चार ठिपके आहेत. शेजारशेजारच्या दोघांची जोडी लावा. चारही कडा मिळून आठ जोड्या. राहिलं कोण? चार कोपरे. त्यांना ना चौकोन मिळाला, ना जोडीदार.

द्विमितीय पदार्थांतल्या 'उच्च क्रमाच्या टोपॉलॉजिकल अवस्थे'चा सांगाडा तुम्ही आत्ता काढलात. टोपॉलॉजी म्हणजे आकार ताणला-वाकवला तरी न बदलणाऱ्या गुणांचं गणित. नाव भारदस्त आहे, पण आत आहे ते एवढंच. ठिपका म्हणजे इलेक्ट्रॉनला बसायची जागा, आणि काढलेली रेषा म्हणजे घट्ट बंध. न काढलेले बंधही असतात, पण ढिले.

याआधीची गोष्ट काठापाशी थांबायची. १९८० साली क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना तीव्र चुंबकीय क्षेत्रात दिसणारा क्वांटम हॉल परिणाम सापडला. आतून वीज अडवणारा थर काठाने मात्र तिला वाट देतो, हे त्यातून पुढे उलगडलं. २००७ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबुर्गला पारा आणि टेल्युरियम यांच्या संयुगाच्या पातळ थरात हेच चुंबकीय क्षेत्राशिवाय दिसलं. मग २०१७ मध्ये बेनालकाझार, बर्नेविग आणि ह्यूज या तिघांनी एक पायरी पुढची कल्पना मांडली: आतला भागही बंद, काठही बंद, आणि जे काही घडायचं ते फक्त कोपऱ्यात.

मला यातला सर्वांत गमतीचा भाग वाटतो तो अर्ध्या विद्युतभाराचा. आपल्या कागदावर ३६ जागा आहेत, इलेक्ट्रॉन मात्र १८ आहेत असं धरू. म्हणजे जागेमागे अर्धा. चौकोनात चौघांत मिळून दोन, जोडीत दोघांत मिळून एक. हिशेब चोख बसतो. कोपरा मात्र एकटा, त्याला वाटून घ्यायला कोणी नाही. तिथे एकतर अख्खा इलेक्ट्रॉन येतो किंवा येतच नाही. आला तर कोपऱ्यात वाट्यापेक्षा अर्धा भार जास्त, नाही आला तर अर्धा कमी. इलेक्ट्रॉन कुणी कापलेला नाही!

इथे मी थोडी लबाडी केली, ती कबूल करतो. नुसते चौकोन जोडून भागत नाही. प्रत्येक चौकोनातल्या चार बंधांपैकी एकाचं चिन्ह उलटं, म्हणजे वजा, असावं लागतं; त्या बंधावरून जाताना इलेक्ट्रॉनची लाट उलटी होते. तसं नसेल तर चौकोनातच कोपऱ्याइतक्याच ऊर्जेच्या जागा उरतात आणि पदार्थ आतून बंद राहतच नाही.

हे वजा चिन्ह खऱ्या स्फटिकात आणायचं कसं? अवघडच. म्हणून प्रयोग करणाऱ्यांनी आडवाट धरली. २०१८ मध्ये वुर्झबुर्गच्याच एका गटाने चक्क कपॅसिटर आणि कॉइल यांची जाळी जोडली. एका ठरावीक वारंवारतेला कोपऱ्यातला विद्युतविरोध एकदम उसळला. त्याच वर्षी झुरिकमध्ये कंप पावणाऱ्या सिलिकॉनच्या पट्ट्यांवर आणि अमेरिकेत सूक्ष्मलहरींच्या सर्किटमध्ये तोच कोपरा बोलला. यांपैकी कशातही कोपऱ्यात अडकलेला इलेक्ट्रॉन नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. लाटांचं गणित तेवढं सारखं.

इलेक्ट्रॉन आला तो २०१९ मध्ये, नेदरलँड्समध्ये. तांब्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडचे रेणू पसरले आणि सूक्ष्मदर्शकाच्या सुईने एकेक रेणू ढकलत त्रिकोणी आकाराची कागोमे जाळी तयार केली. कागोमे म्हणजे जपानी टोपलीच्या विणीची नक्षी. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन रेणूंच्या मधल्या फटींत कोंडले गेले, आणि त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर त्यांच्या अवस्था वेगळ्या उठून दिसल्या. त्यावर काही सैद्धांतिकांनी हरकत घेतली. या जाळीतल्या कोपऱ्याच्या अवस्थांना टोपॉलॉजीचं खरं संरक्षण नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ती हरकत रास्त वाटते. कोपऱ्यात काहीतरी दिसणं वेगळं, आणि काठावर थोडी ढवळाढवळ केली तरी ते तिथेच टिकणं वेगळं.

असा एकेक रेणू ढकलून न मांडलेल्या, रासायनिक क्रियेतून बनलेल्या थराचं काय? ग्राफडाइन हा कार्बनचा एक अणू जाडीचा पत्रा, त्यात अशा अवस्था असाव्यात असं गणित सांगतं. तपासायचं तर पत्र्याचा कोपरा अणूच्या मापाने नेमका कापलेला हवा. कडेच्या अणूंचे बंध मोकळे सुटलेले असतात, आणि जवळून जाणारं काहीही त्यांना चिकटतं.