यीवूचा बाजार आणि चीनचा व्यापार

मंडळी, चीनच्या उद्योगाचा विषय निघाला की शेन्झेनचे मोबाइलचे कारखाने आणि शांघायचं बंदर डोळ्यांपुढे येतं. मी आज झेजियांग प्रांतातल्या यीवूबद्दल बोलणार आहे. या गावाला समुद्र नाही, जमीनही कसदार नव्हती. तरी बटणं, क्लिपा, छत्र्या, खेळणी, नाताळची सजावट अशा किरकोळ मालाचा जगातला सर्वांत मोठा घाऊक बाजार तिथे आहे. सुमारे ७५,००० गाळे! अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा तुळशीबागेत दिसणारा कितीतरी माल याच बाजारातून येतो.

इथले शेतकरी पूर्वी हिवाळ्यात खांद्यावर कावड घेऊन गावोगाव हिंडायचे. गुळासारखी साखर द्यायची आणि बदल्यात कोंबडीची पिसं घ्यायची. चांगल्या पिसांचे झाडणे व्हायचे, उरलेली पिसं शेतात खत म्हणून जायची. माओच्या काळात असा खाजगी व्यापार म्हणजे सट्टेबाजी, गुन्हा. माल जप्त व्हायचा. १९८२ मध्ये फंग आयच्यान नावाच्या फेरीवालीने तालुक्याचे नवे पक्षसचिव श्ये गाओहुआ यांना गाठलं आणि आम्हाला रस्त्यावर बसू का देत नाही, असा जाब विचारला. श्ये यांनी त्याच वर्षी बाजार उघडायला परवानगी दिली. वरून तसा स्पष्ट आदेश नव्हता. अंगाशी आलं असतं तर त्यांची खुर्ची गेली असती. माझ्या मते चीनच्या व्यापाराच्या इतिहासात ही सही एखाद्या पोलाद कारखान्याइतकी मोलाची आहे.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. गाळेवाल्यांवर ठरावीक रकमेचा कर बसवला. वही-खात्याची कटकट नाही, कर वसूल करणाऱ्याशी रोजची हुज्जत नाही. लहान व्यापाऱ्याला याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

बाजार वाढला तशी आसपासची गावंही एकेका मालात मुरली. दातांगला मोजे, शेंगझोऊला टाय, योंगकांगला लोखंडी सामान. दातांगमध्ये सूत, रंगाई, यंत्र दुरुस्त करणारा, खोकी बनवणारा, सगळं हाकेच्या अंतरावर. चीनमधली मजुरी आज आपल्याहून खूप जास्त आहे, तरी हा धंदा तिथून सहजासहजी हलत नाही, त्याचं मोठं कारण हे आहे.

आता खरेदी कशी होते पाहा. परदेशी व्यापारी पन्नास गाळ्यांतून थोडा थोडा माल निवडतो. दलाल तो एका गोदामात गोळा करतो, एकाच कंटेनरमध्ये भरतो आणि निंगबो बंदराकडे रवाना करतो. अशा मिसळीच्या मालासाठी २०१३ पासून यीवूत कस्टम्सची वेगळी, सोपी पद्धत आहे. २०१४ मध्ये यीवूहून थेट माद्रिदपर्यंत मालगाडीही सुरू झाली, १३,००० किलोमीटरची.

२०२४-२५ मध्ये आपण चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि जेमतेम १४ अब्जांचा विकला. त्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि यंत्रं मोठी, हे खरं. पण लहान मालाचा प्रश्न आपल्या हातातला आहे. इचलकरंजीत माग आहेत, कोल्हापुरात ओतकाम आहे, सोलापुरात टॉवेल आहेत. नैरोबीच्या एखाद्या दुकानदाराला या तिन्ही ठिकाणचा थोडा थोडा माल एकाच कंटेनरमधून हवा असेल, तर त्याने कुठे यायचं? इथे बसलेल्या व्यापारी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी पुढच्या बैठकीत पहिला विषय हा घ्यावा, अशी माझी विनंती आहे.