साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला खुनी

खुनी कोण, हे हा चित्रपट पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकतो.

साल १९४४. लंडन अजून युद्धाच्या काळोखात आहे. जॉन क्रिस्टी नावाचा टकला, चष्मेवाला गृहस्थ ओळखीच्या एका बाईला घरी बोलावतो. तिचा जुना खोकला बरा करणारी वाफ आपल्याकडे आहे, असं त्यानं तिला सांगितलेलं असतं. त्या वाफेत तो गुपचूप घरगुती गॅस सोडतो. बाई बेशुद्ध पडते, तो तिचा गळा आवळतो आणि परसात खड्डा खणून तिला पुरतो. इथून पुढे आपल्याला सगळं ठाऊक असतं आणि पडद्यावर कुणालाच काही ठाऊक नसतं.

'१० रिलिंग्टन प्लेस'. १९७१ चा ब्रिटिश चित्रपट, दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर. गोष्ट खरी, माणसं खरी, गल्लीसुद्धा खरी. चित्रीकरण त्याच गल्लीत झालं. क्रिस्टी राहायचा त्या दहा नंबरमधले भाडेकरू घर सोडायला तयार झाले नाहीत, म्हणून आतली दृश्यं सात नंबरमध्ये घेतली. नंतर ती सगळी घरं पाडली गेली.

क्रिस्टी झालाय रिचर्ड ॲटनबरो. हो, तोच. 'गांधी'मध्ये आपल्या रोहिणी हट्टंगडींना कस्तुरबा आणि डॉ. श्रीराम लागूंना गोखले म्हणून उभं करणारा दिग्दर्शक. त्या चित्रपटाच्या अकरा वर्षं आधी त्यानं ही भूमिका केली. फाशीच्या शिक्षेविरुद्ध हा चित्रपट बोलतोय, म्हणून पटकथा न वाचताच त्यानं होकार दिला होता. त्याचा आवाज ऐका. सगळं बोलणं कुजबुजल्यासारखं, घसा न ताणता. अंगावर काटा येतो तो या सभ्यपणामुळे.

१९४८ मध्ये क्रिस्टीच्याच घरात वरच्या मजल्यावर टिमथी एव्हन्स राहायला आला. मूळचा वेल्सचा, व्हॅन चालवायचा, लिहिता-वाचता जेमतेम येणारा, थापा मारण्यात पटाईत. बायको बेरिल आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी जेराल्डिन. पुढच्या वर्षी बेरिलला पुन्हा दिवस गेले. पैशाची चणचण, घरात रोजची भांडणं. गर्भपात तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हा होता. कायदा बदलला तो १९६७ मध्ये. अशा वेळी तळमजल्यावरचा हा शेजारी म्हणाला, मला येतं ते करता.

एव्हन्स कामावरून परतला तेव्हा बेरिल मरण पावलेली होती. क्रिस्टीनं त्याला समजावलं: पोलीस तुलाही धरतील, तू निघून जा, पोरीची सोय मी लावतो. आणि हा भाबडा माणूस वेल्सला निघून गेला. एव्हन्स झालेल्या जॉन हर्टनं हा प्रसंग असा केलाय, की त्याला गदागदा हलवावंसं वाटतं.

नोव्हेंबरच्या शेवटी त्याच्यानं राहवेना. तो आपणहून पोलीस ठाण्यात गेला आणि तिथेही क्रिस्टीला वाचवण्यासाठी खोटंच बोलला. बायकोला गटारात टाकलं म्हणाला. लंडनमध्ये त्या गटाराचं झाकण उचलायला तीन पोलीस लागले. आत काहीच नव्हतं. तीन जणांना न हलणारं झाकण या किरकोळ माणसानं एकट्यानं कसं उचललं असेल, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. २ डिसेंबर १९४९ ला परसातल्या धुण्याच्या खोलीत बेरिल आणि चिमुकल्या जेराल्डिनचे मृतदेह सापडले. त्याच परसात कुंपणाला टेकू म्हणून माणसाच्या मांडीचं हाड उभं होतं. ते पोलिसांना दिसलं नाही.

चौकशीत एव्हन्सनं गुन्हा कबूल केला, नंतर नाकारला. जानेवारी १९५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टात मुलीच्या खुनाचा खटला उभा राहिला. मला विचाराल तर चित्रपटाचा खरा थरार इथे आहे. सरकारचा मुख्य साक्षीदार क्रिस्टी. युद्धकाळात राखीव पोलीस दलात काम केलेला, नम्र, आजारी. त्याच्या चोरीच्या आणि मारहाणीच्या जुन्या शिक्षा कोर्टात निघाल्या, तरी ज्युरीला तोच भरवशाचा वाटला. एव्हन्सकडे सांगायला एकच गोष्ट उरली होती: हे क्रिस्टीनं केलंय. पण आधी इतकं खोटं बोललेल्या माणसाचं खरं कोण ऐकणार? तीन दिवसांचा खटला, चाळीस मिनिटांत निर्णय. ९ मार्च १९५० ला पेंटनव्हिल तुरुंगात त्याला फाशी दिली. वय २५.

फाशीचं ते दृश्य काही सेकंदांत संपतं. प्रत्यक्ष एव्हन्सला फाशी देणारे अल्बर्ट पिअरपॉइंट यांनीच त्यासाठी सल्ला दिला होता. श्वास घ्यायलाही सवड मिळत नाही.

मार्च १९५३ मध्ये क्रिस्टीनं घर सोडलं. दुसऱ्या भाडेकरूनं स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा कागद सोलला, तर मागच्या कोनाड्यात तीन बायकांची प्रेतं. पुढच्या खोलीत जमिनीखाली क्रिस्टीची स्वतःची बायको. परसात दोन सांगाडे. क्रिस्टीनं बेरिलचा खूनही कबूल केला आणि जुलैमध्ये तो फासावर गेला. त्याच महिन्यात सरकारी चौकशीनं निर्वाळा दिला, की एव्हन्स दोषीच होता! एकाच घरात, एकाच पद्धतीनं गळा आवळणारे दोन खुनी, यावर विश्वास ठेवायला सरकार तयार होतं. चूक झाली, एवढं म्हणायला नव्हतं.

ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये थांबली. त्यामागे जी प्रकरणं होती, त्यांत हे ठळक. १९६६ मध्ये एव्हन्सला मरणोत्तर माफी मिळाली. २००४ मध्ये त्याच्या नातेवाइकांनी मूळ निकालच रद्द करून घेण्यासाठी हायकोर्टाचं दार ठोठावलं. बायकोचा किंवा मुलीचा, कुणाचाच खून त्यानं केला नव्हता, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. पण प्रकरण पुन्हा अपिलात नेण्याचा खर्च योग्य ठरणार नाही, म्हणून त्यांनी नकार दिला.