गुण नको, खूण द्या

(सोलापुरातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

पत्रिकेत आजच्या व्याख्यानाचे नाव ‘प्रोग्रामरांच्या संकेतस्थळांवरील मतदान : दोष आणि उपाय’ असे छापले आहे. त्यातल्या ‘उपाय’ या शब्दासाठी मी बरीच वर्षे श्रोते शोधत होतो आणि आज ते मिळाले, याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार मानतो. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून कोड उचललेला असणार, त्यामुळे अपव्होट म्हणजे पसंतीचे मत आणि डाउनव्होट म्हणजे नापसंतीचे, यापलीकडे समजावण्यात वेळ घालवत नाही. मात्र उपायांकडे जाण्यापूर्वी एक प्रसंग सविस्तर सांगावा लागेल, कारण या विषयातला माझा सगळा आग्रह त्या एका प्रसंगातून आलेला आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकणारा एक मुलगा इथल्याच एका चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यासाठी गठ्ठ्यांवर लावायच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम लिहीत होता. चिठ्ठीवरचा पत्ता मराठीत हवा होता आणि पत्त्याच्या रकान्यात आठ अक्षरे मावत होती. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मजकुराचा सुरुवातीचा आठ घटकांचा तुकडा कापून घेणे हे एका ओळीचे काम आहे, ते त्याने केले. पहिलीच चिठ्ठी सिद्धेश्वर पेठेतल्या गिऱ्हाइकाची निघाली आणि तिच्यावर ‘सिद्धेश्’ असे पाय मोडलेल्या ‘श’वर संपणारे काहीतरी छापले गेले. त्याने आठाचे सात केले, तेव्हा ‘सिद्धेश’ आले. व्यापाऱ्याने चिठ्ठी हातात घेऊन विचारले, “हा सिद्धेश कोण? आपलं असं गिऱ्हाईक नाही.”

आता आपण सगळे मिळून मोजू. सि, द्धे, श्व, र. तिसरीतले मूल चार म्हणेल. ‘सिद्धेश्वर पेठ’ असे पूर्ण लिहिले, तरी मधल्या मोकळ्या जागेसह सातच घरे लागतात. म्हणजे रकान्यात सगळा पत्ता बसत होता आणि यंत्र तो विनाकारण तोडत होते. पायथनला लांबी विचारली तर तो दहा सांगतो, कारण तो वेलांटी, मात्रा आणि पाय मोडण्याचे चिन्ह हे सगळे स्वतंत्र घटक धरतो. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीतले बाइट मोजले तर तीस भरतात, कारण देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. मुलाने आणखी शोध घेतला, तेव्हा वाचकाला दिसणारे अक्षर मोजण्यासाठी युनिकोडचे, म्हणजे संगणकावरच्या जगभरच्या लिप्यांच्या मानकाचे, वेगळे नियम आहेत असे त्याला समजले. ते पाळणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, त्याने आणली, तर तिने सहा सांगितले, कारण त्या वेळच्या नियमांनुसार पाय मोडलेल्या अक्षरानंतर तुकडा पडत असे आणि जोडाक्षर दुभंगत असे. एकाच शब्दासाठी तीस, दहा आणि सहा असे तीन आकडे हाती आले, पण चार कुठेच मिळेना.

त्याने एका मोठ्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर प्रश्न टाकला. ते संकेतस्थळ कोणते हे मी सांगणार नाही, कारण माझे भांडण पद्धतीशी आहे. इंग्रजी कच्चे असल्यामुळे तो प्रश्न लिहिण्यात त्याच्या दोन संध्याकाळी गेल्या. कोड दिला, आलेले उत्तर दिले, अपेक्षित उत्तर दिले, काय काय करून पाहिले तेही दिले. अर्ध्या तासात तीन डाउनव्होट पडले. कारण कोणीही लिहिले नाही. एकाने ‘यूटीएफ-८ वापरा’ एवढीच टिप्पणी केली. ते वापरत असल्याचे त्याने पहिल्याच ओळीत लिहिले होते. सकाळपर्यंत तो प्रश्न ‘पूर्वीच विचारलेला’ म्हणून बंद झाला होता. ज्या जुन्या प्रश्नाकडे बोट दाखवले होते, तो रोमन लिपीतल्या, डोक्यावर चिन्ह असलेल्या ‘ई’विषयी होता, आणि त्याखालच्या शेकडो मते मिळालेल्या उत्तराने ‘सिद्धेश्वर’ मोजला तर सहा येतात. हेच तर त्याने प्रश्नात लिहिले होते! त्याने तसे नम्रपणे पुन्हा कळवले, पण मत देऊन गेलेल्यांपैकी कोणी परत आले नाही. तिसऱ्या दिवशी नावासमोरचा उणे आकडा सहन न होऊन त्याने प्रश्न स्वतःच पुसून टाकला.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडची १५.१ ही आवृत्ती आली आणि तिच्यात हा नियम बदलला. देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या सहा लिप्यांसाठी पाय मोडलेल्या व्यंजनानंतर येणारे व्यंजन आता आधीच्या अक्षरालाच जोडलेले धरतात. या नियमाने मोजले की ‘सिद्धेश्वर’ची अक्षरे चार भरतात. आपल्या गावातल्या घराघरांत तेलुगू बोलली जाते, त्यामुळे हा बदल सोलापूरला दुहेरी उपयोगाचा आहे. या मुलाच्या प्रश्नामुळे तो झाला असे मी म्हणत नाही. पण जो प्रश्न जगाच्या लिपिमानकाने खरा मानला, तो तीन अनोळखी माणसांनी अर्ध्या तासात निकालात काढला आणि त्यात नेमके काय चुकले हे सांगण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते, ही गोष्ट मला अजून सलते.

माझे वडील गिरणीच्या घडी खात्यात कापड तपासत असत. ताका उजेडासमोर पसरायचा, हात फिरवत पुढे जायचे आणि जिथे धागा तुटला असेल, गाठ आली असेल किंवा तेलाचा डाग पडला असेल, तिथे खडूने गोल करायचा. तो गोल पाहून ताण्याचा धागा गेला की बाण्याचा, हे विणकराला कळे, आणि कोणत्या मागाकडे पाहायचे हे मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरला कळे. खूण न करता ताका परत पाठवला तर खात्यात भांडण होई आणि त्या भांडणात वडील नेहमी विणकराच्या बाजूने बोलत. ते म्हणत, “वाईट आहे म्हणायला डोळे लागत नाहीत, कुठे वाईट आहे ते दाखवायला लागतात.” आजच्या माझ्या सगळ्या म्हणण्याचा धागा या एका वाक्यात आहे.

आता नियमांकडे पाहू. स्टॅक ओव्हरफ्लो २००८ मध्ये जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सुरू केले, आणि त्याने प्रोग्रामरांवर केलेले उपकार मी नाकारत नाही. तिथे उत्तराला अपव्होट मिळाला की १० गुण मिळतात आणि प्रश्न विचारणाऱ्याने ते उत्तर स्वीकारले की १५ मिळतात. डाउनव्होटने लिहिणाऱ्याचे २ गुण जातात. उत्तराला डाउनव्होट देणाऱ्याचा स्वतःचाही १ गुण जातो, पण प्रश्नाला डाउनव्होट देणाऱ्याचे काहीच जात नाही. अपव्होट देण्यासाठी १५ गुण लागतात, दुसऱ्याच्या लिखाणावर टिप्पणी करण्यासाठी ५० आणि डाउनव्होट देण्यासाठी १२५. या पायऱ्यांचा अर्थ लक्षात घ्या. एखाद्या नवख्याला उत्तरातली चूक दिसली, तर ती तिथल्या तिथे दाखवण्याइतके गुण त्याच्याकडे नसतात. आणि ज्याच्याकडे १२५ गुण आहेत, त्याला कारण न देता खाली ढकलण्याचा अधिकार असतो. मत गुप्त असते, त्याला मी हरकत घेत नाही. कारणही गुप्त राहते, हा दोष आहे.

मत नेमके कशाला पडते? मत देणारा प्रोग्राम चालवून पाहतोच असे नाही. उत्तर सुबक दिसले, आपल्याला आधीपासून माहीत असलेलेच सांगितले, लवकर आले, की अपव्होट पडतो. याचा सर्वांत बोलका पुरावा जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतला आहे. बाइटची संख्या माणसाला वाचता येईल अशा किलोबाइट-मेगाबाइटच्या रूपात लिहिणारा काही ओळींचा तुकडा एका अभियंत्याने २०१० मध्ये उत्तर म्हणून लिहिला. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात स्टॅक ओव्हरफ्लोवरून सर्वाधिक उचलला गेलेला जावाचा तुकडा हाच निघाला. त्याच्यावर भरघोस मते होती. पण त्या तुकड्याला ९,९९,९९९ बाइट दिले की तो १.० मेगाबाइट असे न सांगता १०००.० किलोबाइट असे सांगत असे. ही चूक शेवटी लिहिणाऱ्यानेच शोधली, दुरुस्त केली आणि २०१९ मध्ये जाहीरपणे लिहून कळवली. त्या प्रामाणिकपणाला मी नमस्कार करतो. इतक्या वर्षांत एवढ्या माणसांनी मत दिले, पण खडूचा गोल कोणी काढला नाही.

आणखी एक उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांच्या जवळचे आहे. संकेतस्थळे बनवण्याच्या पीएचपी या भाषेतून डेटाबेसशी बोलण्याच्या जुन्या ‘मायएसक्यूएल’ फंक्शनांचा वापर थांबवा असे २०१३ च्या ५.५ या आवृत्तीने सांगितले आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ७.० मधून ती काढूनच टाकली. पण त्या फंक्शनांवर आधारलेल्या उत्तरांना आधी मिळालेली मते कुठे जाणार? ती उत्तरांच्या डोक्यावर तशीच राहिली. प्रकल्पाच्या आदल्या रात्री शोधणारा विद्यार्थी आकडा पाहतो, उचलतो, आणि त्याचा प्रोग्राम चालत नाही.

मताला मत चिकटते, हेही आता प्रयोगाने दाखवलेले आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तो प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावरचा नव्हता, बातम्यांच्या संकेतस्थळावरचा होता, हे आधीच सांगतो. लाखाहून थोड्या अधिक टिप्पण्या घेऊन त्यांतल्या काहींना यदृच्छेने सुरुवातीलाच एक खोटे अनुकूल मत दिले गेले. त्यामुळे पहिल्या वाचकाकडून अनुकूल मत मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि अखेरचे गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी चढले. सुरुवातीला प्रतिकूल मत दिलेल्या टिप्पण्यांना मात्र इतर वाचकांनी सावरून घेतले. माझ्या आग्रहाला हे सोयीचे नाही, तरी ते सांगितले पाहिजे. पण सावरून घ्यायला कोणीतरी यावे लागते, आणि देवनागरीच्या जोडाक्षरावरच्या प्रश्नाकडे रात्री अकरा वाजता कोण येणार?

अध्यक्षांनी दहाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी पाठवली आहे. उपायांसाठी अर्धा तास राखून ठेवायला हवा होता. आता थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, मत देण्याच्या एकाच बाणाला दोन प्रश्न विचारू नयेत. ‘मला उपयोग झाला’ आणि ‘मी चालवून पाहिले, बरोबर आहे’ ही वेगळी विधाने आहेत आणि त्यांचे आकडे वेगळे दिसले पाहिजेत. दुसऱ्या विधानासोबत भाषेची आवृत्ती आणि तारीख लिहिणे सक्तीचे असावे. त्याला मी मत म्हणणार नाही, साक्ष म्हणेन. पंचवीस साक्षींतली शेवटची पीएचपी ५ ची आहे एवढे दिसले, तरी विद्यार्थी सावध होईल.

दुसरी गोष्ट, डाउनव्होटसोबत खूण हवी: कोणती ओळ, कोणता इनपुट, किंवा प्रश्नात काय कमी आहे. नाव गुप्त राहू द्या. मतासोबत शब्द जोडण्याची कल्पना नवी नाही. १९९७ मध्ये सुरू झालेल्या स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर टिप्पणीला गुण देताना ती माहितीपूर्ण आहे की विषय सोडून आहे हेही निवडावे लागत असे, आणि गुण उणे १ ते ५ यांच्या पलीकडे जात नसत. प्रश्न ‘पूर्वीच विचारलेला’ म्हणून बंद करणाऱ्याने तर जुने उत्तर नव्या प्रश्नातल्या उदाहरणावर चालवून दाखवलेच पाहिजे. एवढा एक नियम असता, तर सहा आणि चार यांतला फरक त्याच रात्री उघड झाला असता.

तिसरी गोष्ट क्रम लावण्याविषयी आहे. दहापैकी दहा आणि हजारापैकी नऊशे यांची तुलना नुसत्या सरासरीने करता येत नाही. त्यासाठी एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेले सूत्र आहे आणि रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने २००९ पासून टिप्पण्या लावण्यासाठी ते वापरले. पण ते सूत्र मतांची संख्या सांभाळते, मतांचे वय सांभाळत नाही. जुने मत हळूहळू हलके होत जाईल अशी सोय हवी. स्टॅक ओव्हरफ्लोने २०२१ मध्ये स्वीकारलेले उत्तर नेहमी सर्वांत वर ठेवणे बंद केले, ते योग्य दिशेचे पाऊल आहे.

गुणांकन मुळातच नको असे माझे म्हणणे नाही. कोडफोर्सेस किंवा आपल्याकडचे कोडशेफ यांच्या स्पर्धांतले रेटिंग मला मान्य आहे, कारण तिथे प्रत्येक उत्तर ठरलेल्या चाचण्यांतून जाते आणि निकाल यंत्र लावते. आवडीचा तिथे संबंध येत नाही.

चौथी गोष्ट चूक दाखवण्याच्या अधिकाराची होती, तिच्यासाठी वेळ उरलेला नाही. एवढेच सांगतो की चूक दाखवायला कोणत्याही गुणांची अट नसावी. पुरावा जोडण्याची अट पुरेशी आहे.

त्या मुलाने पुसण्यापूर्वी आपल्या प्रश्नाची प्रत काढून ठेवली होती, ती मी आज आणली आहे. इथे टेबलावर तिच्याशेजारी एक वही ठेवली आहे. ज्यांच्याकडे लॅपटॉप असेल त्यांनी पुढे येऊन ‘सिद्धेश्वर’ हा शब्द आपापल्या भाषेत मोजावा आणि आलेला आकडा भाषा, लायब्ररी, आवृत्ती व आजची तारीख यांसह वहीत लिहावा. पहिली ओळ त्या मुलाने लिहिली आहे. तो मागच्या रांगेत बसला आहे.